पाखराच्या पायाची शाई

ऐक हं बाळ. गोष्ट जुनी आहे, पण खरी आहे.

सव्वादोनशे वर्षांपूर्वी जर्मनीत योहान आंद्रेयास नाऊमान नावाचा एक शेतकरी होता. शेती करता करता त्याला पाखरांचा नाद लागला, आणि तो नाद घरात असा मुरला की त्याचा मुलगा पुढे युरोपातला नामांकित पक्षिशास्त्रज्ञ झाला. या नाऊमानने घरी पिंजऱ्यात काही पाखरं ठेवली होती. त्यांत हळद्या होता. आपल्या मागच्या वडावर येतो ना, पिवळाधमक, डोळ्यापाशी काळी रेघ असलेला, त्याचाच युरोपातला भाऊबंद. खायला-प्यायला वेळच्या वेळी मिळत होतं, मांजराची भीती नव्हती, खोलीत ऊब होती. दिवसभर पाखरू निवांत बसायचं. पण उन्हाळा सरायला लागला की रात्री त्याला काहीतरी व्हायचं. माणसं झोपली की पिंजऱ्यात फडफड सुरू. या दांडीवरून त्या दांडीवर, त्या दांडीवरून या. काही आठवडे हे असंच चालायचं आणि मग आपोआप थांबायचं. वसंत आला की पुन्हा तेच.

नाऊमान बारीक नजरेचा माणूस. त्याच्या लक्षात आलं, की रानातले हळद्ये ज्या दिवसांत आफ्रिकेकडे निघतात, नेमक्या त्याच दिवसांत पिंजऱ्यातल्याची ही तगमग होते. पिंजऱ्यातल्याला ना थंडी लागली, ना भूक. सोबत्यांना जाताना बघून जीव कासावीस झाला म्हणावं, तर खोलीतून ते दिसतही नाहीत. मग याला कळतं कसं? नाऊमानने ओळखलं, की ही ओढ बाहेरून येत नाही. ती पाखराच्या आत जन्मापासूनच आहे.

आता १९६६ सालात ये. अमेरिकेत एम्लेन नावाचे बापलेक, इथेही बापलेकच बघ, याच तगमगीच्या मागे लागले. पाखरू रात्री उड्या मारतं हे ठीक, पण कुठल्या बाजूला मारतं? त्यासाठी त्यांनी जे उपकरण केलं ते तुलाही घरी करता येईल. पांढऱ्या टीपकागदाचं नरसाळं. त्याच्या बुडाशी शिक्के मारायला वापरतात तसलं शाईचं पॅड. वरून जाळी, म्हणजे आभाळ दिसेल पण उडून जाता येणार नाही. रात्र झाली की चिमणीएवढं एक निळं पाखरू आत सोडायचं, इंडिगो बंटिंग त्याचं नाव. ते पॅडवर उभं राहतं, पाय शाईने माखतात. तगमग झाली की उडी मारतं, कागदाच्या उतारावर पाय टेकतात, घसरून परत शाईवर येतं. परत उडी. सकाळी नरसाळं उलगडून कागद सपाट केला, की त्यावर बारीक बारीक पावलं. इकडेतिकडे चार-दोन फराटे, आणि एका बाजूला मात्र पावलावर पाऊल पडून पडून काळं झालेलं. शरदात तो काळा डाग दक्षिणेला पडायचा. वसंतात उत्तरेला.

मला या कागदाचं फार अप्रूप वाटतं. पिंजऱ्याशी उभं राहून पाहिलं तर पाखरू भ्रमिष्टासारखं धडपडतंय असंच कुणीही म्हणेल. त्या धडपडीला दिशा आहे, हे शाई लावल्यावरच दिसलं.

धाकट्या एम्लेनने, स्टीफनने, याच्या पुढची मजल मारली. पिल्लं हाताने वाढवली आणि त्यांना तारांगणात नेलं. तारांगणाचं आभाळ आपल्या हातात असतं. खऱ्या आभाळात सगळे तारे ध्रुवाभोवती फिरतात, याने यंत्र असं लावलं की सगळं आभाळ काक्षीभोवती फिरेल. काक्षी म्हणजे मृगातला तो तांबूस तारा, गच्चीवरून मी तुला दाखवला होता तो. पिल्लं लहानपणी हेच आभाळ बघत मोठी झाली. शरद आला, तगमग सुरू झाली, आणि पिल्लं काक्षीकडे पाठ करून उड्या मारू लागली. त्यांच्या लेखी काक्षी हाच ध्रुव आणि त्याच्या उलट बाजूला दक्षिण! ओढ जन्मजात, पण वाट मात्र डोळ्यांनी शिकलेली. निसर्गाने एवढा विचार एका चिमणीएवढ्या पाखराच्या डोक्यात भरून ठेवलाय.

आणखी एक सांगतो, मग तुझ्याकडे वळतो. जर्मनीतच एबरहार्ड ग्विनर नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी वटवट्याच्या कुळातली पाखरं बंद खोलीत ठेवली. खोलीत वर्षभर बारा तास उजेड, बारा तास अंधार. ऋतू म्हणून काही नाहीच. तरी ठरावीक काळाने पाखरांना तगमग व्हायची आणि ठरावीक काळाने थांबायची. ज्या जातीला लांब जायचं असतं तिची तगमग जास्त रात्री टिकायची, जवळ जाणाऱ्या जातीची लवकर संपायची. १९७८ मध्ये त्यांनी आणि व्होल्फगांग व्हिल्चको यांनी हाताने वाढवलेल्या पाखरांच्या उड्यांची दिशा टिपली. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाखरं नैर्ऋत्येकडे उड्या मारत होती. ऑक्टोबर लागला आणि ती आग्नेयेकडे वळली. त्यांचे रानातले भाऊबंद जर्मनीहून आधी स्पेनकडे, म्हणजे नैर्ऋत्येला जातात, आणि मग समुद्र ओलांडून आफ्रिकेत शिरताना तसेच वळतात. खोलीतल्या पाखराने स्पेन पाहिला नव्हता, समुद्र पाहिला नव्हता, तरी वळायची वेळ झाली हे त्याच्या अंगाला माहीत होतं.

हे सगळं परदेशातलं म्हणून सोडून देऊ नकोस. दिवाळीनंतर ज्वारीच्या शेतात थव्याने उतरतो तो काळडोक्याचा भारीट पश्चिम आशियातून आणि पूर्व युरोपातून येतो. त्याच्यावर लखनौला आणि पुढे दिल्ली विद्यापीठात प्राध्यापक विनोद कुमार यांनी वर्षानुवर्षं काम केलं. भारिटाला दिवसाचा उजेड थोडेच तास दिला तर तो गप्प राहतो. उजेडाचे तास वाढवले की त्याच्या अंगावर चरबी चढते, आणि रात्रीची तगमग सुरू होते. आपल्या शेतकऱ्यांना तो कणसं खाणारा पाहुणा म्हणून ठाऊक आहे. एवढ्याशा अंगात उजेडाचा हिशेब ठेवणारं केवढं यंत्र आहे, हे प्रयोगशाळेत दिसलं.

आता तू म्हणशील, आबा, मी काही पाखरू नाही, हे सगळं मला कशाला सांगताय? सांगतो.

नवरात्र बसल्यापासून तुला झोप नाही. आई सांगत होती, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कूस बदलतेस. छातीत धडधडतं, घसा कोरडा पडतो, काय होतंय ते सांगता येत नाही आणि काहीतरी वाईट होणार असं वाटत राहतं. अभ्यास झालाय, घरी सगळं ठीक आहे, मैत्रिणींशी भांडण नाही. कारण सापडत नाही म्हणून तुला जास्त भीती वाटते. तू म्हणालीस, मी बिघडलेय का?

नाही बाळ. बिघडलेली नाहीस.

माणूस स्थलांतर करणारा प्राणी नाही, तुला दक्षिणेकडे जायचं नाही. पण उजेडाचा हिशेब आपलंही अंग ठेवतं. डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या लगेच वर सुमारे वीस हजार पेशींचा एक ठिपका आहे. झोपेची, जागेपणाची, अंगातल्या उष्णतेची आणि भुकेची वेळ तो लावतो. त्याला बाहेरच्या उजेडाची बातमी कोण देतं, ते कसं सापडलं ठाऊक आहे? बेडकाच्या कातडीवरून. १९९८ मध्ये इग्नासियो प्रोव्हेन्सियो आणि त्यांच्या सोबत्यांना बेडकाच्या कातडीतल्या पेशींत उजेड ओळखणारं एक नवं द्रव्य मिळालं, मेलानॉप्सिन. तेच पुढे माणसाच्या डोळ्यातही निघालं. २००२ मध्ये कळलं, की डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशी चित्र बघायचं काम जवळजवळ करतच नाहीत, त्या फक्त उजेड किती आहे ते मोजतात. म्हणून काही आंधळ्या माणसांनाही, डोळ्यांना काही दिसत नसताना, दिवस-रात्र अंगातून कळते.

पुण्यात जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकरा तासांचा. फरक दोन-सव्वादोन तासांचा, म्हणजे फार नाही. नॉर्वेतल्या ट्रोम्सोला हिवाळ्यात जवळजवळ दोन महिने सूर्यच उगवत नाही. नॉर्मन रोझेन्थाल नावाचे डॉक्टर दक्षिण आफ्रिकेच्या उन्हातून न्यूयॉर्कला गेले आणि तिथल्या हिवाळ्यात त्यांचं स्वतःचंच मन मलूल होऊ लागलं. १९८४ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिवाळ्यात येणाऱ्या उदासीचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि प्रखर उजेडाचा उपचार पुढे आणला. थोड्याच वर्षांनी उलट तक्रारीचे लोकही दिसले. त्यांना उकाड्याच्या दिवसांत झोप लागत नाही, अन्न जात नाही, जीव घाबरा होतो.

आपल्याकडे अंधारापेक्षा हवेचा फेर मोठा असतो. पाऊस परततो, ऑक्टोबरचं ऊन चटका देतं, दुपारी घामाच्या धारा आणि पहाटे पांघरूण ओढावं लागतं. चार महिने ढगांखाली गेलेले असतात. त्यात गरबा, जागरणं, सहामाही परीक्षा, कोजागिरी. झोपेची घडी विस्कटते. उकाड्यात हृदय जोरात चालतं, तळहाताला घाम येतो. भीती वाटली की अंग हेच करतं. मग मेंदू धडधड बघतो आणि तिच्यासाठी कारण शोधायला निघतो. खरं कारण हवा आणि जागरण. मेंदूला ते पटत नाही, तो आणखी मोठं काहीतरी शोधतो.

वाग्भटाने अष्टांगहृदयात जाणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्याचे पहिले सात, अशा चौदा दिवसांना ऋतुसंधी म्हटलंय. त्या दिवसांत जुन्या सवयी एकदम तोडू नका, नव्या एकदम धरू नका, हळूहळू बदल करा असं त्याचं सांगणं. मला हे सांगणं शहाणपणाचं वाटतं. सांध्याचे दिवस नाजूक असतात, हे त्याने मान्य केलंय.

आता ती दुसरी गोष्ट, जी तू आईला सांगितली नाहीस आणि मला रडत रडत सांगितलीस. विळीवर काकडी चोचवत होतीस, धाकटा भाऊ शेजारी गाडी फिरवत बसला होता, आणि तुझ्या डोक्यात आलं, ही विळी मीच त्याला मारली तर? हात थंड पडले. विळी माळ्यावर टाकलीस. सुऱ्या कपाटात कोंबल्यास. तो खोलीत आला की तू बाहेर. तुला वाटतंय, असा विचार आला म्हणजे माझ्या मनात तसं काहीतरी असणार.

इथे नीट बस आणि ऐक.

१९७८ मध्ये लंडनला स्टॅनली रॅकमन आणि पद्मल डिसिल्व्हा या दोघांनी चांगल्या धडधाकट माणसांना विचारलं, तुमच्या डोक्यात नको असलेले, ओंगळ, भयंकर विचार येतात का? दहांतल्या आठांनी हो म्हटलं. मुलाला इजा करण्याचे, गाडीखाली उडी घेण्याचे, देवळात अभद्र बोलण्याचे. मग त्यांनी या माणसांचे विचार आणि असल्या विचारांनी छळलेल्या रुग्णांचे विचार एकत्र करून जाणकारांपुढे ठेवले आणि रुग्ण ओळखा म्हणाले. जाणकारांना धड ओळखता येईना. विचार तेच होते. रुग्णांना ते जास्त वेळा यायचे, जास्त टोचायचे, आणि हाकलणं अवघड जायचं, एवढाच फरक. २०१४ मध्ये तेरा देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांना हेच विचारलं, तर शंभरातल्या चौऱ्याण्णवांनी सांगितलं, गेल्या तीन महिन्यांत असा एकतरी विचार आला. तुझ्या वर्गात पन्नास मुली असतील तर सत्तेचाळीस जणींनी असं काहीतरी अनुभवलंय. कुणी बोलत नाही, म्हणून प्रत्येकीला वाटतं आपण एकटीच.

असे विचार येतात कुठून? ताडोब्यात आपण चितळांचा कळप पाहिला होता, आठव. पाचोळा जरा वाजला की सगळी डोकी वर. बहुतेक वेळा ती खारच असते. शंभरदा उगाच दचकणाऱ्या चितळाचं नुकसान काय, तर चार घास गवत. एकदा दचकायला चुकलेल्याचा जीव जातो. त्यामुळे उरले ते दचकणाऱ्यांचेच वंशज. आपला मेंदूही दचकणाऱ्यांचाच आहे. जिथे धारदार काही असतं आणि जीव की प्राण असं माणूस जवळ असतं, तिथे तो आधी सर्वांत वाईट काय होईल ते दाखवतो, म्हणजे हात जपून चालतील. ज्याच्यावर माया नाही त्याच्याबद्दल तुला असला विचार येऊन घाम फुटला असता का? धाकट्यावर तुझा जीव आहे, म्हणून तो विचार तुला चावला. एक फरक मात्र आहे. धोका टळला की चितळ पाच मिनिटांत पुन्हा चरायला लागतं. आपण तोच पाचोळा रात्रभर ऐकत बसतो.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर लोक पालथे पडून खाली बघतात. कितीतरी जणांना तिथे क्षणभर वाटतं, उडी मारली तर? ज्यांना जगायचंय त्यांनाही वाटतं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडामध्ये याचा अभ्यास झाला. जीव द्यायचा विचार कधीही न शिवलेल्यांपैकीही निम्म्याहून जास्त लोकांनी उंचावर ही ओढ अनुभवली होती. संशोधकांनी त्याचा अर्थ असा लावला, की अंग आधी झटकन मागे सरतं, ते जीव वाचवण्यासाठी. मन मागाहून पोचतं आणि चुकीचं कारण जोडतं: मी मागे का सरले, बहुतेक मला उडी मारायची होती.

तू काय केलंस? विचार ढकलायला गेलीस. सगळे तेच करतात. वैद्याची गोष्ट तुला आजीने सांगितली असेल. वैद्याने औषध दिलं आणि बजावलं, घेताना माकड आठवायचं नाही. तो माणूस जन्मात ते औषध घेऊ शकला नाही. १९८७ मध्ये टेक्सासमध्ये डॅनियल वेग्नर यांनी हेच प्रयोगाने दाखवलं. मुलांना सांगितलं, पाच मिनिटं मनात येईल ते बोला, पण पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. नंतर त्यांना सांगितलं, आता खुशाल अस्वल आठवा. तर ज्यांना पहिल्यापासून आठवायची मोकळीक होती, त्यांच्यापेक्षाही या दाबून ठेवलेल्यांच्या मनात अस्वल जास्त वेळा आलं. अस्वल आलंय का हे पाहायला मनाचा एक भाग सतत अस्वलच शोधत बसतो. दिवसभर तूही तेच करतेस, आला का तो विचार, आला का.

डिसिल्व्हा मूळचे श्रीलंकेचे, पाली ग्रंथ जाणणारे. त्यांनी दाखवून दिलं, की मज्झिमनिकायात बुद्धाने भिक्खूंना नको त्या विचारांवर पाच उपाय सांगितलेत. त्यांतला एक आहे, त्याच्याकडे लक्षच न देणं. आणि दात आवळून विचार दाबणं, हा उपाय सगळ्यांत शेवटी, बाकीचे चार फसले तर. दोन हजारांवर वर्षांपूर्वी हे कुणाच्या तरी ध्यानात आलं होतं.

लक्ष न देणं म्हणजे काय, ते सांगतो. दुपारी गल्लीतून भंगारवाला ओरडत जातो. तू कान बंद करत नाहीस, खाली जाऊन त्याच्याशी भांडत नाहीस, आणि घरातली भांडी काढून त्याला देतही नाहीस. तो ओरडतो, तू आपली भाजी निवडतेस. विळीचा विचार आला, की मनात एवढंच म्हण, हा आला. तो खोटा आहे हे सिद्ध करत बसू नकोस. मी चांगली आहे ना, हे तपासू नकोस. हातातलं काम चालू ठेव. छाती धडधडेल, धडधडू दे. धडधड वर जाते आणि उतरते, ती कायम चढत राहत नाही.

आणि विळी माळ्यावरून काढायची. आज नुसती ओट्यावर ठेव. दोन दिवसांनी तिच्यावर काकडी चीर, धाकटा बाहेर असू दे. मग तो दारात, मग शेजारी. घाबरत घाबरतच कर, भीती जायची वाट बघू नकोस. १९६६ मध्ये लंडनला व्हिक्टर मेयर यांनी अशाच छळणाऱ्या विचारांच्या रुग्णांवर ही पद्धत वापरली. ज्याची धास्ती त्याच्या जवळ जायचं आणि मन शांत करायला जे सोपस्कार करतो ते करायचे नाहीत. आजही या त्रासावरचा हा सर्वांत भरवशाचा उपचार मानतात. जास्त त्रास असेल तर तो जाणकाराच्या देखरेखीत करावा.

सोपस्कारांत एक मी तुझ्यासाठी बंद करणार आहे. तू दिवसातून चार-चारदा विचारतेस, आबा, मी असं करणार नाही ना? आज तुला सगळं सांगितलं, मन लावून सांगितलं. उद्या तोच प्रश्न विचारलास तर उत्तर देणार नाही, तुझ्या शेजारी बसेन. माझं नाही हे उत्तर तुला दहा मिनिटं पुरतं, आणि मग भूक वाढते. माझ्या गप्प बसण्यात माया कमी आहे असं समजू नकोस.

आता हात दे. मनगटावर अंगठ्याच्या खाली दोन बोटं ठेव. नाडी लागली? सावकाश श्वास आत घे. ठोके जरा जवळ जवळ आले. आता हळूहळू सोड, आत घेतलास त्याच्या दुप्पट वेळ लावून. ठोके लांब लांब पडतायत बघ. १८४७ मध्ये कार्ल लुडविग यांनी हे प्राण्यांत नोंदलं. श्वास सोडताना मेंदूतून निघणारी एक लांब नस हृदयाला हात आवरता घ्यायला लावते. तुझ्या वयात तर हे फार स्पष्ट जाणवतं. घाबरल्यावर हृदयाला आज्ञा करता येत नाही, श्वासाला करता येते. मात्र हे विचार घालवायला करू नकोस, नाहीतर तोही एक सोपस्कार होईल. रात्री अंग सैल पडावं म्हणून कर.

बाकी साधं आहे. सकाळी उठल्यावर अर्धा तास बाहेर, गच्चीवर किंवा मैदानावर. रोझेन्थालांनी पुढे आणलेल्या उपचारात आता दिव्याचा उजेड दहा हजार लक्स असतो. घरात दिवा लावूनही काहीशे लक्स मिळतात, आणि ऑक्टोबरच्या उघड्या आभाळाखाली दहा हजार सहज मिळतात, फुकट. सूर्याकडे टक लावून बघायचं नाही, नुसतं उजेडात असायचं. चहा-कॉफी दुपारनंतर नको. रात्री मोबाइल माझ्याकडे. आणि झोप. २०२० मध्ये यॉर्क विद्यापीठात लोकांना रात्रभर जागं ठेवलं, तर झोपलेल्यांपेक्षा त्यांच्या डोक्यात नको ते विचार जवळजवळ दीडपट आले. नको त्या विचारांना आवर घालणारा मेंदूचा भाग जागरणाने थकतो. गरबा खेळ, पण दोन दिवसांआड.

काही गोष्टी मात्र ऋतूवर ढकलायच्या नाहीत. हवा स्थिरावली तरी त्रास टिकला, विचार आणि सोपस्कार यांत दिवसाचा तासाहून जास्त वेळ जाऊ लागला, जेवण सुटलं, कॉलेज सुटलं, तर आपण मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. ताप आल्यावर जातो तसंच, लाजायचं काय त्यात. आणि विचाराची भीती वाटण्याऐवजी तो हवासा वाटू लागला, जगायलाच नको असं खरोखर वाटायला लागलं, तर तो कड्यावरचा क्षणभराचा विचार नव्हे. तेव्हा रात्रीचे तीन वाजले असले तरी मला उठवायचं.

मी जवळ नसेन तर टेली-मानसचा नंबर लक्षात ठेव: १४४१६. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, तो सुरू केला. पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. फोनमध्ये आत्ताच घालून ठेव, आणि या दिवसांत तुझ्यासारखीच रात्र रात्र जागणारी मैत्रीण असेल तर तिलाही दे.